मागच्या रुग्णाचा आकडा

ऑफिसात तिला सगळे धाकटी म्हणत, कारण थोरला भाऊ तिथला जुना प्रोग्रामर आणि त्याच्याच शब्दावर तिला नोकरी लागलेली. रक्त तपासणाऱ्या यंत्राचे आकडे घेऊन रिपोर्ट छापणारा प्रोग्राम दादाचाच. यंत्राची फंक्शन्स सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत होती, दादाचा प्रोग्राम पायथन या दुसऱ्या भाषेत.

त्यात एक नवी तपासणी जोडायची म्हणून तिने तो उघडला. सीमध्ये एका नमुन्याचा नंबर, वेळ, आकडा असं सगळं एकाच स्ट्रक्चरमध्ये बांधलेलं असतं. पायथनने तसाच रिकामा डबा करून त्याचा मेमरीतला पत्ता सीच्या फंक्शनला द्यायचा आणि सी तो भरेपर्यंत डबा धरून ठेवायचा. दादाने पत्ता दिला होता, डबा धरलाच नव्हता. बिनकामाचा समजून पायथन तो मधेच मोडीत काढी. मग कधी खरा आकडा येई, कधी कचरा.

चूक कुणाचीही होते. पण खालच्या चार ओळी वाचून तिला शिसारी आली. कचरा दिसला की प्रोग्राम मुकाट्याने मागच्या रुग्णाचा आकडा छापत होता. शेजारी दादाची टीप: ‘तात्पुरतं.’ तारीख अडीच वर्षांपूर्वीची.

दादा टेबलाशी जेवत होता.

“दादा, हे काय आहे?”

त्याने भरल्या तोंडाने स्क्रीनकडे पाहिलं. “अगं, दुसऱ्या दिवशी लॅबला यंत्र द्यायचं होतं. रिपोर्ट कोरा गेला असता तर बोंब झाली असती.”

“म्हणून एकाचं पोटॅशियम दुसऱ्याच्या नावावर?”

“शंभरात एखादं. आजवर कुणाची तक्रार आली का?”

“अरे, तक्रार करायला त्याला कळायला तर हवं!”

“हळू बोल. एका ओळीचं काम आहे, करून टाक गुपचूप.”

तिने ओळ दुरुस्त केली, खालच्या चारही पुसल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत.

“मिटलं ना?” दादा डबा बंद करत म्हणाला.

तिने फोन उचलला आणि त्याच्यादेखत लॅबला सगळं सांगितलं. पलीकडची तंत्रज्ञ बाई म्हणाली, “यंत्र बंद करते.”

मूळ नोंदी यंत्रात फक्त महिनाभर राहत. तेवढ्यातच त्रेचाळीस रिपोर्ट चुकलेले निघाले. त्या सगळ्यांना परत बोलावलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्याच दिवशी दाखल करावं लागलं. त्याआधीच्यांचं काय झालं, ते कुणालाच कळणार नव्हतं.

साहेबांनी दादाला घरी बसवलं आणि न विचारता फोन केल्याबद्दल धाकटीला झापलं. आई एवढंच म्हणाली, “सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास.”

“आणि तो रिपोर्ट तुझा असता तर?”

“माझा नव्हता ना!” आई म्हणाली.

रविवारी दादा घरी आला. “साहेब निवळतील गं, माझ्यावाचून अडतं त्यांचं,” म्हणत हसला आणि नेहमीसारखी तिच्या डोक्यात टपली मारली. ती उठली, बाथरूममध्ये गेली आणि नळाखाली डोकं धरून उभी राहिली.