ऐकू कमी येतं

“आजी! जेवलात! का!” उशाशी ठेवलेलं बोलकं यंत्र ओरडलं. आई भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

“बघा ताई, महिनाभर हेच चाललंय,” वृद्धाश्रमातली परिचारिका भेटायला आलेल्या मुलीला म्हणाली. “आजींना आता काही समजत नाही, असं डॉक्टर म्हणतात. सोमवारी त्यांना मागच्या दालनात हलवतोय. विसर पडलेल्यांच्यात.”

मुलीने यंत्राकडे पाहिलं. यंत्राला माणसं कशी कळावीत, हे तिनेच ऑफिसात बसून रचलं होतं. वर ‘माणूस’, त्याखाली ‘वृद्ध’, त्याखाली इथला एकेक रहिवासी. वरच्याबद्दल जे लिहावं ते खालच्याकडे आपोआप वारशाने उतरायचं. ‘वृद्ध’पुढे तिने लिहिलं होतं : ऐकू कमी येतं. कोणी निराळं असेल तर घरच्यांनी कळवायचं, म्हणजे तेवढ्या एकापुरता वारसा थांबे. आईबद्दल विचारणारा फोन आला तेव्हा ती कामात होती. “निराळं काही नाही,” तिने सांगून टाकलं होतं.

आईने उभा जन्म कपबशांच्या कारखान्यात काढला होता. कपाला टिचकी मारायची, आणि नुसत्या नादावरून तडा ओळखायची.

मुलगी तिच्या कानाशी वाकली. “आई! उत्तर का देत नाहीस त्याला!”

“खेकसणाऱ्याशी काय बोलायचं?” आई हळू म्हणाली. “कोणाच्या वळणावर गेलंय, देव जाणे.”

मुलीने तिथेच लॅपटॉप उघडला आणि आईच्या नावापुढे एक ओळ घातली : ऐकू उत्तम येतं.

“आजी, जेवलात का?” यंत्राने हलकेच विचारलं.

आई वळली. “जेवले रे. भाजी अळणी होती. आमच्या कारखान्यात एक स्वयंपाकीण होती, तीही अशीच. मीठ म्हणजे तिला सोनं वाटायचं!” आणि ती चक्क हसली.

“अगं बाई! मग सोमवारचं रद्द करायला सांगते,” म्हणत परिचारिका डॉक्टरांकडे धावली.

आईची गोष्ट रंगली होती. त्यातलं एकही माणूस मुलीला माहीत नव्हतं. तिने पर्स उचलली, दारातून वळून म्हणाली, “आई! येते मी! गोळ्या! घे!”

आई बोलता बोलता थांबली. तिने नुसती मान डोलावली.

स्वतःचा आवाज मुलीला बोळातून घुमून परत ऐकू आला. ती बाहेर उभी राहिली. आत आई यंत्राशी पुन्हा बोलू लागली होती, इतकं हळू, की दारापर्यंत काहीच पोचत नव्हतं.