कोकोच्या बागेतली हाक

तेवीस वर्षांचा केर्विन संध्याकाळी नदीवर निघाला, तेव्हा त्याची आई जॉयसलिन म्हणाली, "फोन घेतलास ना, बाळा?"

व्हरांड्यात कोकोच्या शेंगा फोडत बसलेली युलालीआजी खदखदून हसली. "दुधाची बाटलीपण दे! हल्लीची पोरं नुसती कापसात वाढलेली. आम्ही सातव्या वर्षी एकटे भटकायचो."

"आणि सिरिलमामा परत आला का, आई?" जॉयसलिनने विचारलं.

आजीला ते झोंबलं. तिच्या धाकट्या भावाला मावळतीला कुणीतरी नावाने हाक मारली होती, आणि तो कोकोच्या बागेतून परतलाच नाही. बाप्तिस्म्याआधी मेलेली, उलट्या पावलांची पोरं तिथे नावं ऐकून ठेवतात आणि त्याच नावांनी हाका मारून माणसांना ओढून नेतात. म्हणून दिवस कलल्यावर गावात कुणी कुणाला उघड्यावर नावाने हाक मारत नाही. पण रागाच्या भरात आजी पाठमोऱ्या नातवावर ओरडली, "केर्विन, आईचं बोट सोड रे आता!"

सूर्य बुडाला. बागेतून हाक आली, "केर्विन, इकडे ये!" आवाज हुबेहूब आजीचा होता.

"आलो, आजी!" लांबून केर्विनने ओ दिली.

आजीच्या हातातली शेंग गळून पडली. जॉयसलिनने फोन लावला, तो आजीने हिसकावून घेतला.

"आजी? अगं, तू तर समोर झाडाखाली..."

"मी घरी आहे, सोन्या. तिकडे बघू नकोस. माझ्याशी बोलत बोलत घरी ये."

तो पायरी चढेपर्यंत ती बोलत राहिली. बागेतल्या हाका थांबल्या. मग एक कोवळा आवाज आला, सत्तर वर्षांत जराही न वाढलेला.

"ताई, आता तू ये ना."

आजीने नातवाचं बोट घट्ट धरलं.