कडेला दिलेला ठिपका

स्फटिक तिळाएवढा, पण धाकटी सकाळपासून त्याच्यापुढे हात बांधून बसली होती. घरातलं शेंडेफळ म्हणून ती धाकटी. प्रयोगशाळेच्या या बिनखिडकीच्या खोलीतही आईचा फोन आला की हीच हाक यायची.

स्फटिक कॉपर ऑक्साइडचा, पोलादी भांड्यातल्या पोकळीत गोठवून ठेवलेला. त्याच्यावर क्ष-किरण पडायचे, थोडी ऊर्जा आत सांडायचे आणि हलके होऊन बाहेर निघायचे. सांडलं किती, ते लांबलचक नळीच्या टोकाला मोजलं जायचं.

आईला तिने मागे एकदा समजावलं होतं. "तांब्याचा एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबक. एकाचं तोंड वर, तर शेजारच्याचं खाली."

"भांडलेल्या जावा म्हण की."

"तसंच. आणि एकीला जरा ढकललं की..."

"ओळभर कुजबुज! हे कळायला एवढं शिकावं लागतं होय गं?"

तीच कुजबुज, तीच लाट धाकटी मोजत होती. मूळ पदार्थात दुसरी मूलद्रव्यं मिसळून चुंबकांची शिस्त मोडली, तरी ओळीत सरळ जाणाऱ्या लाटेची ऊर्जा जागची हलत नाही, असं आजवर सगळे मोजत आले होते. धाकटीच्या पडद्यावरच्या आलेखात त्या लाटेचा उंचवटा मात्र चांगलाच कमी ऊर्जेकडे घसरला होता. गटप्रमुख सरांचा फोन येऊन गेला होता. "हे टिकलं, तर तुझी जागा कायम समज. मी वर बोललोय."

तिची नेमणूक संपत आली होती. तिने खुर्ची जरा पुढे ओढली.

मग तिने माळ्याला फोन लावला. माळी म्हणजे तिच्याच गटातला सहकारी. भट्टीत स्फटिक वाढवायचा, म्हणून हे नाव.

"तुझ्या रोपाला फळ आलंय," ती म्हणाली.

"येणारच! मेल्याने छळ मांडला होता. कापताना कोपराच उडाला. म्हणून या वेळी ठिपका कडेला दिलाय. सरांना सांगितलं होतं मी, पोचलं ना?"

"पोचलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माळी चांदीच्या रंगाचा ठिपका नेहमी कोपऱ्यावर द्यायचा. अणूंच्या ओळी कुठल्या दिशेला धावतात, ते त्यावरून कळायचं. माळ्याचा ठिपका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, म्हणून स्फटिक चिकटवण्याआधी दिशा तपासायची क्ष-किरण छबी तिने घेतलीच नव्हती. ठिपका धरला कोपऱ्याचा, होता कडेचा. ओळ सुटली होती. दिवसभर ती तिरकंच बघत होती. आणि तिरकं पाहिलं की असल्या स्फटिकात लाटेची ऊर्जा कमी दिसतेच. त्यात नवल काही नव्हतं.

पडद्यावरचा उंचवटा तसाच होता, देखणा. माळ्याने काही विचारलं नव्हतं. तिला निरोप द्यायचं सरांना मुळात आठवलंच नव्हतं.

"काका, नमुना बाहेर काढायचाय."

किरणांची व्यवस्था बघणारे काका चहाचा कप हातात धरून वळले. "एवढं छान चाललेलं असताना? पोरी, भरल्या ताटावरून उठतेस. पुन्हा गार होईस्तोवर तुझी किरणांची वेळ संपत येईल."

"तिरका बसवलाय मी. फिरवायचाय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "सरांना विचारलंस?"

"सांगेन."

काकांनी कप ठेवला. "चल मग. हातमोजे घाल."

तिने स्फटिक सोडवला, या वेळी छबी घेतली, तो फिरवून पुन्हा चिकटवला. वाट पाहिली. किरण पडू लागले. ठिपक्याठिपक्यांनी रेघ उमटत गेली, आणि उंचवटा सावकाश, मुकाट्याने, सगळ्यांनी मोजला होता तिथे जाऊन उभा राहिला.

तिने दोन्ही आलेख सरांना पाठवले. खाली लिहिलं : पहिला तिरक्या दिशेचा, चूक माझी. थोड्या वेळाने फोन आला. "वर काय सांगू आता?" सर एवढंच म्हणाले.

"हेच," ती म्हणाली.

ती हातमोजे काढत होती, तेवढ्यात आईचा फोन.

"सापडली का गं तुझी कुजबुज?"

"सापडली. होती तिथेच."

"मग आवाज का असा?"

"इथे गार आहे, आई."

"आणि नोकरीचं?"

"ते नाही."

"जेवलीस?"

"आता जेवते," धाकटी म्हणाली, आणि काकांना दिवा मालवायची खूण केली.