बाटलीवरची वहिनी

डोंगरावरचा बर्फ वितळून वाट मोकळी झाली की तिघांनी माथ्यावर जायचं, हे दर वसंतात ठरलेलं. पुढे धाकटा दीर, मधे वहिनी, मागे धापा टाकत तिचा नवरा. वहिनीनं जन्मभर पायाचं शिवणयंत्र चालवलं होतं, त्यामुळे पाय अजून खुटखुटीत होते.

माथ्यावर दिरानं मोबाईल काढला. "वहिनी, उन्हाकडे तोंड करून उभी राहा. हं, हलू नकोस. आणि हसू नकोस."

"हसू नको तर काय रडू? गेल्या वर्षीही असाच काढलास, तो काही दाखवला नाहीस."

"आज दाखवतो की, खाली गेल्यावर," दीर म्हणाला, आणि नवऱ्याला एकाएकी खोकला आला.

तरी तिला बरं वाटलं. या वयात आपला फोटो कुणाला काढावासा वाटतो? तिनं केस सारखे केले आणि डोळ्यांत ऊन घेत उभी राहिली.

पायथ्याशी दिराची बिअरची भट्टी होती. एकच लांब खोली, चार टाक्या, ओली फरशी, भिजल्या सातूचा आंबूस वास. हिवाळाभर ती इकडे फिरकली नव्हती. दाराशी भरलेले क्रेट रचून ठेवले होते; सकाळी गाडी येऊन नेणार होती. तिनं सहज एक बाटली उचलली आणि तिथेच थिजली.

बाटलीवर तीच होती. डोळे बारीक, कपाळाला आठ्या, ओठ मुडपलेले. खाली ठळक अक्षरांत: 'कजाग वहिनी. पहिल्या घोटातच झापते!'

"नवीन बिअर आहे," दीर हौसेनं म्हणाला. "जरा कडवट झालीय, म्हणून सुचलं. आजच्या फोटोची दुसरी काढतोय."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"भाऊजी," ती म्हणाली.

दिराचं हसू मावळलं. ज्याचं नाक तिनं पुसलं, ज्याच्या चड्ड्यांना ठिगळं लावली, त्याला ती भाऊजी म्हणाली म्हणजे धडगत नव्हती.

"मी कुणाला झापलं, भाऊजी? कधी?"

"अगं, प्रेमानं केलं मी."

"प्रेमानं करायचं तर आधी विचारायचं! डोळ्यांत ऊन गेलं म्हणून बाई अशी दिसते, हे लिहिलंत का कुठे? ज्यांचे कपडे मी शिवले, ते आता दुकानातून मला घरी नेणार आणि माझ्या तोंडाला हसणार!"

"एवढं काय मनावर घेतेस?" नवरा मधे पडला. "मला तर पाहिल्या पाहिल्या झकास वाटलं."

"पाहिल्या पाहिल्या? म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

नवरा टाकीवरचा काटा निरखू लागला.

हे तिला जास्त लागलं. दीर लहानपणापासून थट्टेखोर. पण हा माणूस रोज समोर बसून जेवत होता, आणि पोटातलं ओठावर येऊ देत नव्हता.

तिनं कोपऱ्यातलं मोठं घमेलं ओढलं, गरम पाण्याचा नळ सोडला आणि पहिला क्रेट त्यात रिकामा केला.

"बाह्या वर करा. दोघांनीही."

"वहिनी, सकाळी गाडी येतेय..."

"येऊ दे. बिअर जाईल. मी जाणार नाही."

दोघं भाऊ उकिडवे बसून नखांनी लेबलं खरवडू लागले. कागद भिजून गुंडाळत होता. आधी आठ्या निघाल्या, मग डोळे. ती कंबरेवर हात ठेवून उभी होती. एकाही बाटलीवर कानाचा तुकडासुद्धा राहू दिला नाही.

शेवटचा क्रेट झाल्यावर दीर पुटपुटला, "नुसत्या बाटल्या कोण घेणार? काहीतरी चेहरा हवाच."

वहिनीनं हात पुढे केला. "मोबाईल द्या."

दारात उतरतीचं ऊन अगदी समोरून येत होतं.

"उभे राहा, भाऊजी. उन्हाकडे तोंड करा. हलू नका, आणि हसू नका."

नवरा फिस्सकन हसला.

"तुम्हीही. त्यांच्या शेजारी."

दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून, डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. तिनं मोबाईल वर धरला. घाई काही केली नाही. ऊन अजून बराच वेळ राहणार होतं.