गोड्या पाण्याचा नेम

"रोनाल्ड, गाडीला गोड्या पान्यानं अंघोळ घातल्याशिवाय घरात पाय टाकू नको."

मित्रांनो, हा आवाज मी अकरा वर्षं रोज संध्याकाळी ऐकला. आता तो येत नाही. तरी दिवस कलला, की माझं सगळं लक्ष त्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं लागतं.

मी एक जुनी गाडी आहे. उंच बांध्याची, राखाडी रंगाची, एकाच वेळी चारही चाकांनी ओढणारी. गास गावातल्या एका केळीच्या वाडीत, विहिरीशेजारी, फाटक्या ताडपत्रीखाली मी उभी असते. माझ्या बॉनेटवर कोंबड्या बसतात. त्यांना मी काही म्हणत नाही. वर्षभरात माझ्यापाशी एवढा वेळ दुसरं कोणी थांबलेलं नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यासोबत एक जाड पुस्तक दिलं होतं. त्याच्या मुखपृष्ठावर माझ्यासारखीच एक गाडी गुडघाभर बर्फातून जाताना दाखवली होती. रोनाल्डनं ते चित्र बघितलं, हसला, आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट पुस्तक माझ्या खणात टाकून दिलं. वसईत बर्फ मिळतो तो मासळीच्या पेट्यांत. माझ्या वाट्याला आली ती कळंबची वाळू.

कळंबच्या किनाऱ्यावर रविवारी पाहुणे येत, हौसेनं गाड्या खाली वाळूत उतरवत आणि रुतून बसत. भरतीचं पाणी चढू लागलं, की कॉटेजवाले रोनाल्डला फोन करत. मग आम्ही निघायचो. रोनाल्ड माझ्या टायरांतली थोडी हवा सोडायचा, म्हणजे चाक पसरून वाळूवर तरंगतं. दोर बांधला, की मी चारही पायांनी एकदम जोर लावायचे. एक चाक घसरलं तर दुसरं धरायचं. लोक टाळ्या वाजवायचे, मुलं माझ्या दारावर थाप मारायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पण वाळूबरोबर खारं पाणी यायचं. खारं पाणी लोखंडाला आतून खातं. म्हणून उर्सुलानं, रोनाल्डच्या बायकोनं, हा नेम लावून दिला होता. कितीही उशीर होवो, आधी विहिरीचं गोडं पाणी, मग घर. ती खिडकीतून बघत असे. माझ्या पोटाखाली पाणी पोचलं नाही, तर तिथूनच म्हणायची, "तोंड धुतलंस, पाय कोन धुनार तिचे?" सगळं झाल्यावर ती बाहेर यायची, माझ्या आरशाला टांगलेल्या रोझरीच्या जपमाळेला बोट लावायची आणि आत जायची. माझ्या वयाच्या गाड्या किनाऱ्यालगत गंजून मोडीत गेल्या. मी टिकले ती त्या बाईच्या नेमानं.

त्यांची एकुलती मुलगी प्रिन्सी नर्स झाली आणि हिमाचलातल्या एका उंच दरीतल्या छोट्या इस्पितळात कामाला गेली. गेल्या वर्षी डिसेंबरात उर्सुलाचं हृदय थकलं. डॉक्टरांनी रोनाल्डला बाजूला घेऊन सांगितलं, की आता दिवस मोजायचे. उर्सुलाची एकच इच्छा होती, प्रिन्सीला डोळ्यांनी बघायचं. आणि नेमका त्याच आठवड्यात तिकडं मोठा बर्फ पडला. बसगाड्या बंद झाल्या. पोलीस फक्त चार चाकांनी ओढणाऱ्या, चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच सकाळी घाटात सोडत होते. प्रिन्सीनं तिकडच्या गाड्यांसाठी हातापाया पडून पाहिलं, पण खाली यायला कोणी तयार होईना.

"मी आनतो तिला," रोनाल्ड म्हणाला. "आपली गाडी आहे ना."

उर्सुलाला तिच्या बहिणीवर, ॲनीवर सोपवून तो निघाला. सोबत जूचंद्रचा मेकॅनिक कृष्णा होता. माझ्या पोटातला बोल्ट न् बोल्ट त्याला ठाऊक. तीन दिवस आम्ही पळत होतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी घाटाखालच्या एका गावात थांबलो, तेव्हा माझं सगळं अंग काळ्या चिखलानं भरलं होतं. त्या चिखलात मीठ होतं. बर्फ वितळावा म्हणून तिकडं रस्त्यावर टाकतात.

फोन वाजला. उर्सुला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"जेवलास?"

"जेवनार आता."

"गाडी धुतली?"

"धुतो. रस्त्यावर मीठ आहे इथं."

"मग आधी धू."

आणि रोनाल्डनं मला धुतलं, मित्रांनो. चहाच्या टपरीमागच्या नळाला पाइप लावून, वाकून, माझ्या पोटाखाली, चाकांच्या आत, जसं विहिरीवर धुवायचा तसं. कृष्णा काकडत म्हणाला, "रोनाल्डभाऊ, राहू द्या आज." रोनाल्ड म्हणाला, "आजच नको कसं? आज तर ती तिकडं बघत बसलेय." मग त्यानं मला उतारावर उभं केलं आणि सवयीनं हँडब्रेक वर ओढला.

त्या रात्री मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. अंगावरचं पाणी आधी जड झालं, मग घट्ट. दारांची रबरं चौकटीला चिकटली. मागच्या चाकांच्या आत ब्रेक पाण्यासकट गोठून बसले. सकाळी रोनाल्डनं दार ओढलं, उघडेना. काच खरवडून, धक्के देऊन कसंबसं उघडलं. इंजिन सुरू झालं, पण मागची दोन्ही चाकं जागची हलेनात. मी जिवाच्या आकांतानं ओढलं आणि चाकं दगडासारखी फरफटत आली.

टपरीवाला म्हातारा बाहेर आला. माझ्याकडं बघितलं, नळाकडं बघितलं.

"किसने नहलाया इसको?"

म्हातारा हसलाही नाही. त्यानं पत्र्याच्या डब्यात निखारे आणून चाकांमागं ठेवले. कृष्णा आडवा पडून हातोडीनं हळूहळू ठोकत राहिला. "भाऊ, आपलं पानी आनि इथलं पानी येक नाय," एवढंच तो म्हणाला. चाकं सुटली तेव्हा दुपार झाली होती आणि पोलिसांनी घाट बंद केला होता. एक अख्खा दिवस गेला.

त्या संध्याकाळी उर्सुलानं पुन्हा विचारलं. रोनाल्डनं खरं ते सांगितलं. मग तो बारीक आवाज म्हणाला, "मग पुस की नुसती. कोरड्या फडक्यानं. एवढं नाय सुचलं तुला?" आणि ती किंचित हसली. "आनि ऐक. माझं झालं, की प्रिन्सीला परत तिकडं सोडायचं. तुझी भाकरी करत तिला इथं बसवू नको. शब्द दे."

"देतो," रोनाल्ड म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाट चढलो. निघताना म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, की चार चाकं चढायला मदत करतात, थांबायला नाही. रोनाल्ड वाळूच्या सवयीनं जोर द्यायला गेला, चाकं घसरताच त्यानं ब्रेक दाबला आणि मी सरळ कड्याच्या भिंतीकडं सरकले. वाळू पाय धरते. बर्फ तुमचे पायच काढून घेतो. त्यानंतर तो ब्रेकला शिवलाच नाही. खालच्या गियरमध्ये, पाय हलका ठेवून, मला माझ्याच ओढीनं चालू दिलं. साखळ्या कचकच वाजत होत्या. एका वळणावर बर्फ माझ्या पोटाला लागला. मित्रांनो, पोट बर्फावर टेकलं, की चार चाकं असोत की चाळीस, सगळी अधांतरी फिरतात. कृष्णानं फावड्यानं खालचा बर्फ काढला, रोनाल्डनं मला मागं घेतलं, पुन्हा माझ्याच चाकोरीतून पुढं. असं सात वेळा. मी त्या दिवशी पुस्तकावरच्या चित्रातली गाडी झाले होते, पण त्याचा आनंद कोणालाच नव्हता, मलाही नाही.

प्रिन्सी इस्पितळाच्या दारात बॅग घेऊन उभीच होती. घाट उतरताना ती मागच्या सीटवर रोझरी म्हणत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सपाटीवर पोचून बापलेकींनी विमान धरलं. दोघं घरी शिरले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. उर्सुला दुपारी दोन वाजता गेली होती.

मला कृष्णानं परत आणलं. वाडीत येऊन उभी राहिले, अंगावर तोच मिठाचा चिखल. रोनाल्ड ओसरीवर बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून वर्षभर मला कोणी धुतलं नाही. मिठानं आपलं काम केलं. माझ्या दारांखालचा पत्रा आता बोटानं तुटतो.

प्रिन्सी परत गेली नाही. आठ दिवस, महिनाभर, मग पावसाळा. बाप जेवत नव्हता, बोलत नव्हता, त्याला टाकून ती कशी जाणार? इस्पितळातून फोन यायचे. ती वाडीत, माझ्याजवळ येऊन बोलायची, रोनाल्डला ऐकू जाऊ नये म्हणून. "या हिवाळ्यात तरी ये," तिकडून म्हणायचे, "आम्ही दोघीच आहोत." ती म्हणायची, "बघते." फोन ठेवला, की माझ्या दाराला टेकून उभी राहायची. मला वाटायचं, मी काही बोलू शकले असते तर. तो शब्द माझ्यासमोर दिलेला होता. प्रिन्सीला तो माहीतच नव्हता.

मागच्या आठवड्यात ॲनीच्या तोंडून निघून गेलं. ओसरीवर भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "उर्सुला शेवटच्या दिवशी सारखी विचारत होती, रोनाल्ड पोरीला परत सोडेल ना?"

प्रिन्सीचा हात थांबला. "पप्पा?"

रोनाल्ड उठून विहिरीकडं गेला आणि कितीतरी वेळ तिथंच उभा राहिला.

मित्रांनो, मी जुनी गाडी. मी तुम्हाला काय शिकवणार? एवढंच सांगते, की तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूला आणि माणसाला जपा. आणि जपताना ते आज कुठं उभं आहे, तिथं थंडी किती आहे, हे एकदा विचारून घ्या. किनाऱ्यावरची माया डोंगरावर गोठू शकते. गोठली, तर मायेला दोष देऊन तिच्यावर ताडपत्री टाकू नका. फडकं बदला.

आज पहाटे ताडपत्री निघाली. कृष्णा काल नवीन बॅटरी बसवून गेला होता. रोनाल्डनं विहिरीचं पाणी शेंदलं आणि मला धुतलं. आधी तोंड, मग पाय, मग पोट. चिखल सुटला तसा कुठं कुठं माझा पत्राही सुटून आला. त्यानं तो बाजूला ठेवला. मग उर्सुलाच्या जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यानं माझं सगळं अंग कोरडं केलं आणि ते फडकं घडी घालून पुढच्या सीटवर ठेवलं. खणातलं पुस्तक काढलं, चष्मा लावला, थंडीचं पान शोधून ओठ हलवत वाचलं.

प्रिन्सी दारात आली. "पप्पा, एवढ्या सकाळी काय?"

"बॅग भर."

"तुमच्या जेवनाचं?"

"ॲनी आहे. मला भात लावता येतो." थोडं थांबून तो म्हणाला, "बर्फ पडायच्या आत पोचू."

ती आत गेली, बॅग घेऊन आली. साखळ्या माझ्या डिकीत गेल्या. रोनाल्डनं रोझरीला बोट लावलं, हँडब्रेक खाली केला, आणि कोणाला जाग येऊ नये इतक्या हळू मला वाडीच्या फाटकाबाहेर काढलं.