पाळण्यामागची फट

पानगळ सुरू झाली तेव्हा बाळाच्या खिडकीत वीस करडे किडे जमले. नुकतीच प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या आत्याला त्यांची जात पुस्तकातही सापडेना.

"वन्सं, पदवीवाल्यांना मुंगी तरी ओळखता येते ना?" वहिनी हसली. "वीसच तर आहेत, झाडून टाका. बाळाला उद्यापासून परत इथंच झोपवणार."

आत्यानं प्रत्येकाच्या पाठीवर पांढरा ठिपका देऊन त्यांना पाळण्यामागच्या भिंतीतल्या फटीपाशी सोडलं. आत किडे थोडे असतील, तर हेच पुन्हा दिसणार होते. वीसही किडे ओळीनं, मुकाट आत गेले.

सकाळी वहिनी बाळाला कडेवर घेऊन दारातच थबकली. खिडकीत पुन्हा वीस होते. आत्यानं एकेक भिंगाखाली पाहिला. ठिपका एकाच्याच पाठीवर होता. विसांत एक, म्हणजे काल ठिपका दिलेले वीस हे एकूण किड्यांचा विसावा भाग; वीस गुणिले वीस. भिंतीत अंदाजे चारशे.