साखरेचं कवच

पर्समधली कुपी रुमालात नीट गुंडाळलेली आहे ना, हे तिने वॉर्डाच्या दारात तिसऱ्यांदा चाचपून पाहिलं आणि मग हात धुतले.

धाकटी बहीण स्टुलावर बसली होती. शेजारच्या काचेच्या पेटीत तिचं अकरा दिवसांचं बाळ निपचित पडलं होतं. मनगटाला सलाईन, पायाला तारा.

"कालपासून नवीन औषध सुरू केलंय," बहीण म्हणाली. "लागू पडलं तर उद्यापर्यंत कळेल म्हणे."

"पडेल गं."

"ताई, तो तुझाच जंतू आहे ना?"

परवा डॉक्टरांनी बाळाच्या रक्तातल्या जंतूचं नाव सांगितलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं होतं, की याच्यावर तर मी सात वर्षं काम करतेय. तेव्हापासून बहीण पिच्छाच सोडत नव्हती. तो जंतू स्वतःभोवती साखरेचं जाड कवच उभारतो, म्हणून शरीरातल्या पहारेकरी पेशींच्या तावडीत सापडत नाही. साखरेला साखर जोडणारं एक एन्झाइम त्याच्यापाशी असतं. ते बंद पाडणारं रसायन तिने शोधलं होतं. प्रयोगशाळेत जंतूंचं कवच गळून पडे. उंदरांमध्येही पडलं, पण सहापैकी दोन उंदीर मूत्रपिंडं निकामी होऊन मेले. हे सगळं तिने बहिणीला समजावून सांगितलं होतं.

"पण चार जगले ना?" बहीण म्हणाली होती.

आता ती उठली. "मी दोन घास खाऊन येते. नर्सबाईही जेवायला गेल्यात. अर्धा तास कुणी यायचं नाही." दाराशी थांबून तिने एकदा पर्सकडे पाहिलं आणि गेली.

सलाईनच्या नळीला औषध सोडायची बारीक तोटी होती. ताईची नजर त्या तोटीवरून हलेना. बाळाचे श्वास तिने मोजले. बासष्ट. पुन्हा मोजले तर अडुसष्ट. रुमालातून काढलेली त्या रसायनाची कुपी तळहातात गार लागली. बाळाचं वजन पावणेतीन किलो, त्या हिशेबाने मात्रा किती, हे आपण घरून निघतानाच मनात ठरवून आलो आहोत, हे लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने कुपी आत टाकली, चेन ओढली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, बहीण येईपर्यंत बसून राहिली.

आल्यावर बहिणीने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. संध्याकाळी बाळ खणखणीत रडलं. डॉक्टर नव्या औषधावर खूश होते. बहिणीने तिला कोपऱ्यात ओढून घट्ट मिठी मारली.

"मी काही दिलं नाहीये गं."

"हो, हो."

"तुझ्या गळ्याची शपथ. झाकणसुद्धा उघडलं नाही."

"बरं बाई, नाही दिलंस." बहीण डोळे पुसत हसली. "मी कुणाला बोलणार नाही. फक्त..."

"फक्त काय?"

"त्या टोकाच्या पेटीतल्या मुलीलाही तोच जंतू झालाय. तिची आई सारखी रडत असते. मी तिला तसं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, माझ्या ताईशी बोलून बघ."

तिने वळून पाहिलं. पडद्याशी एक बाई उभी होती, जेमतेम विशीची. तिने आपलं स्टूल पुढे सरकवलं, हातानेच पुसलं आणि बाजूला झाली.

"बसा ना," ती म्हणाली.